मेंदूतील आडवाटा

१

आमच्या भोकर भागात एखाद्या माणसाचा एक हात आणि एक पाय अकस्मात लुळा पडला, तोंड वाकडे झाले, वाचा बसली, की लोक म्हणतात, ‘त्याच्या अंगावरून वारं गेलं.’ कोणी म्हणतात, ‘लकवा मारला.’ ह्या दोन शब्दांमागे दोन वैद्यकपरंपरा उभ्या आहेत. ‘वारं’ हे आयुर्वेदातील वाताचे घरगुती रूप. चरक आणि सुश्रुत ह्या दोघांनीही पक्षाघाताची गणना वातव्याधींत केली आहे. कुपित झालेला वायू अर्ध्या शरीराच्या सिरा व स्नायू शोषून टाकतो, असे चरकसंहितेचे म्हणणे. ‘लकवा’ हा शब्द युनानी हकिमांचा. अरबी-फारसीच्या वाटेने तो दख्खनीत आला आणि १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली असलेल्या आमच्या मुलखात घरोघर रुळला. हकिमांच्या पोथ्यांत मात्र लकवा म्हणजे केवळ तोंड वाकडे होणे. अर्धे अंग जाणे, त्याला ते ‘फालिज’ म्हणत. आमच्या बोलीने फालिज टाकून दिला आणि दोन्ही दुखण्यांचे काम एकट्या लकव्याकडे सोपविले.

ह्या दोन्ही शब्दांत रोगाचा आकस्मिकपणा अचूक पकडला आहे. परंतु मेंदूचा निर्देश दोहोंतही नाही. शिवाय, अंगावरून गेलेले वारे काही परत बोलावता येत नाही. जे व्हायचे ते होऊन गेले, आता घाई कसली, अशी एक समजूत ह्या शब्दाबरोबर आपोआप मनात शिरते. मग तेल चोळणे, कबुतराचे रक्त लावणे, ‘लकव्याचे औषध’ देणाऱ्या गावाला आठवड्याच्या ठरलेल्या वारी रोग्याला नेणे, हे सारे सावकाश चालते. म्हणून वाऱ्याची जागा रक्तवाहिनीने कशी घेतली आणि ती रक्तवाहिनी जिवंत माणसाच्या बंद कवटीत कशी दिसू लागली, हा इतिहास केवळ परदेशी विद्वानांच्या कौतुकाचा विषय नाही. आमच्या तालुक्यातल्या माणसाचे हातपाय त्याच्याशी बांधलेले आहेत.

२

स्वित्झर्लंडमधील शाफहाउझेन गावच्या योहान याकोब वेप्फर ह्या वैद्याने १६५८ साली एक ग्रंथ प्रसिद्ध केला. झटका येऊन मेलेल्या माणसांची शवे उघडून त्याने पाहिले होते. काहींच्या मेंदूत रक्त सांडलेले होते. काहींत मेंदूकडे जाणाऱ्या धमन्याच बुजलेल्या होत्या. वारे, कफ, पित्त ह्यांचा कोप म्हणून जो रोग एक समजला जाई, तो मुळात दोन प्रकारचा आहे हे येथे दिसले: एकात रक्त फुटून बाहेर येते, दुसऱ्यात ते पोचतच नाही. पुढची सारी चिकित्सा ह्या भेदावर उभी राहिली.

त्यानंतर सहा वर्षांनी, १६६४ मध्ये, इंग्लंडात टॉमस विलिस ह्याचा मेंदूच्या रचनेवरील ग्रंथ निघाला. त्यातली चित्रे ख्रिस्तोफर रेनने काढली होती; लंडनचे सेंट पॉल कॅथीड्रल ज्याने पुढे बांधले तोच हा रेन. मेंदूच्या तळाशी धमन्यांचे एक कडे आहे. मानेतून वर चढणारे चार प्रवाह तेथे एकमेकांस मिळतात. त्या कड्याला आजही विलिसचे नाव आहे. विलिसने धमन्यांत रंगीत द्रव भरून पाहिला. एका धमनीत भरलेला रंग दुसऱ्या बाजूच्या धमन्यांत उतरतो, हे त्याच्या ध्यानी आले. त्याने एका शवाची हकीकतही दिली आहे. मानेतील एक मुख्य धमनी पुरती बुजलेली, आणि तरीही त्या माणसाला हयातीत कधी पक्षाघात झाला नव्हता. तो दुसऱ्याच रोगाने वारला. निसर्गाने दुसरी धमनी रुंद करून उणीव भरून काढली होती.

माझ्या मते ह्या विषयातला सर्वांत महत्त्वाचा धडा तो हाच. धमनी बंद पडणे आणि मेंदू मरणे ह्या दोन गोष्टी एक नव्हेत. मध्ये आडवाटा असतात. कालव्याची चारी फुटली की तिच्यावरचे शेत त्याच घटकेला वाळत नाही. शेजारच्या पाटाचे पाणी थोडेफार झिरपत असते, त्यावर पीक काही काळ तग धरते. ज्याच्या शेताला असा शेजार नाही त्याचे पीक लवकर जाते. ही गोष्ट विलिसच्या ग्रंथात साडेतीनशे वर्षांपूर्वी लिहिली गेली. पण जिवंत रोग्यात ह्या आडवाटा पाहता येईपर्यंत विसावे शतक उजाडावे लागले.

३

१८९५ साली राँटजेनने क्ष-किरण शोधले तेव्हा हाडे दिसू लागली, आणि मेंदूच्या बाबतीत तीच अडचण झाली. कवटी दिसे, आतला मऊ मेंदू आणि त्यातले रक्त क्ष-किरणांना सारखेच पारदर्शक. लिस्बनच्या एगास मोनिश ह्याने असा विचार केला की रक्तातच क्ष-किरणांना अडविणारे द्रव्य सोडले, तर धमन्यांची सावली पडेल. आरंभीच्या प्रयत्नांत त्याचा एक रोगी दगावला. पुढे त्याने आयोडीनचे क्षार वापरले आणि १९२७ च्या जून महिन्यात जिवंत माणसाच्या मेंदूतील धमन्यांचे पहिले स्वच्छ चित्र त्याला मिळाले. त्याचे स्वतःचे हात संधिवाताने जखडलेले होते. सुईचे काम त्याचा तरुण सहकारी अल्मेडा लिमा करी. मोनिशचा मूळ हेतू मेंदूतील गाठी शोधण्याचा होता. गाठीने धमनी बाजूला ढकललेली दिसे. त्याला १९४९ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले, पण ते ह्या कामाबद्दल नव्हे. वेड्या माणसांच्या मेंदूवर तो जी शस्त्रक्रिया करी, आणि जिचा पुढे जगाने त्याग केला, तिच्याबद्दल ते मिळाले.

१९५१ साली कॅनडातील मिलर फिशर ह्याने मानेतील धमनी बंद पडल्याने होणाऱ्या पक्षाघाताचे सविस्तर वर्णन केले. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगरने तारेवरून नळी सरकवून धमनीत शिरण्याची युक्ती काढली. मानेत थेट सुई खुपसण्याची गरज त्यामुळे उरली नाही.

ह्या इतिहासात मुंबईचेही एक पान आहे. डॉ. पी. एम. दलाल आणि त्यांचे सहकारी शहा व अय्यर ह्यांनी मेंदूच्या धमनीत वाहून आलेल्या गुठळ्यांचा चित्रणाने अभ्यास केला. तो १९६५ साली ‘लॅन्सेट’ ह्या इंग्रजी वैद्यकीय साप्ताहिकात छापून आला. चित्रण पुन्हा केले असता, आधी बंद दिसलेली धमनी नंतर मोकळी झालेली आढळे. १९६८ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’ने त्यांचा पश्चिम-मध्य भारतातील रोग्यांवरचा मोठा अहवाल प्रसिद्ध केला. अडकलेली गुठळी कायमची नसते, शरीर ती कधी कधी स्वतःच विरघळविते, ही गोष्ट त्या काळी फार मोलाची होती. पण रोगी तेवढ्याने बरा होतोच असे नाही, कारण पाणी आले तेव्हा पीक करपून गेलेले असते. तेव्हा प्रश्न उरला तो असा: गुठळी वेळेत कशी काढावी, आणि ‘वेळेत’ म्हणजे कधी?

४

ह्या प्रश्नाला निराळे वळण दिले ते गॉडफ्रे हाउन्सफील्ड ह्या इंग्रज अभियंत्याने. त्याच्याजवळ विद्यापीठाची पदवी नव्हती. तो ई. एम. आय. ह्या कंपनीत काम करी. कर्ण्यासमोर बसलेल्या कुत्र्याचे चित्र असलेल्या ज्या ग्रामोफोनच्या तबकड्या आपल्या घरोघरी वाजत, त्यांच्याशी संबंधित असलेली ही कंपनी. १ ऑक्टोबर १९७१ रोजी लंडनजवळच्या अ‍ॅटकिन्सन मॉर्ले रुग्णालयात त्याच्या यंत्राने पहिल्या रोग्याच्या मेंदूचे चित्र घेतले. डोक्याभोवती फिरून निरनिराळ्या कोनांतून क्ष-किरण सोडावयाचे आणि गणिताने आतला काप मांडावयाचा, अशी ही रीत. पहिल्या चित्रात प्रत्येक काप ऐंशी गुणिले ऐंशी चौकटींचा होता. १९७९ चे नोबेल पारितोषिक त्याला आणि ह्या गणिताचा आधी विचार केलेल्या अ‍ॅलन कॉरमॅकला मिळून देण्यात आले.

सी.टी. स्कॅनने पहिल्याच दिवसापासून वेप्फरचा भेद जिवंतपणी दाखविला. ताजे सांडलेले रक्त पांढरे दिसते. ते नसेल तर वाहिनी बंद पडली असण्याचा संभव अधिक. १९९५ साली अमेरिकेत ६२४ रोग्यांवर केलेल्या प्रयोगाचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला: पक्षाघात सुरू झाल्यापासून तीन तासांच्या आत गुठळी विरघळविणारे औषध शिरेतून दिले, तर अपंगत्व टळण्याचा संभव वाढतो. २००८ मध्ये ही मुदत साडेचार तासांवर गेली. रक्तस्राव झालेल्याला हे औषध दिले तर तो घातच; म्हणून साधा सी.टी. ही त्याची पहिली पायरी ठरली.

येथून घड्याळाचे राज्य सुरू झाले. जेफ्री सेव्हर ह्या डॉक्टरने २००६ मध्ये हिशेब मांडला की मोठी धमनी बंद असता मिनिटाला सरासरी एकोणीस लाख चेतापेशी नष्ट होतात. घाईचे महत्त्व पटविण्याला हा आकडा उत्तम. पण त्यात ‘सरासरी’ हा शब्द आहे, आणि विलिसच्या त्या रोग्याने सरासरी कधीच मोडून ठेवली होती. ज्याच्या आडवाटा चांगल्या त्याचा मेंदू दहा तासांनीही बराचसा शाबूत असू शकतो. ज्याच्या नाहीत त्याचा दोन तासांत जातो. घड्याळ दोघांना एकाच मापाने मोजते. रात्री धडधाकट निजून पहाटे लुळा उठलेल्या माणसाचे तर घड्याळच हरवलेले. त्याची वेळ ‘शेवटचा बरा दिसला’ तेथून, म्हणजे निजल्यापासून, धरावयाची. आणि तशी धरली की तो बहुधा मुदतीबाहेर जाई.

५

ह्या अडचणीतून जे मार्ग निघाले त्यांची तुलना आता करता येईल.

साधा सी.टी. काही क्षणांत होतो. त्याला शिरेतून काही सोडावे लागत नाही. तो रक्तस्राव नक्की ओळखतो, आणि जाणत्या डोळ्याला मेंदूच्या रंगातील फिकटपणावरून किती भाग मरू लागला ह्याचाही अंदाज देतो. कॅनडातील कॅलगरीच्या डॉक्टरांनी २००० साली त्यासाठी दहा गुणांची एक रीत बसविली. मुख्य धमनीच्या प्रदेशाचे दहा भाग पाडावयाचे आणि बिघडलेल्या प्रत्येक भागाचा एक गुण कापावयाचा. शाळेतल्या पेपर तपासण्यासारखीच ही रीत. पण धमन्यांविषयी साधा सी.टी. जवळजवळ मुका आहे. कधी आतली गुठळी पांढऱ्या दोऱ्यासारखी दिसते, पुष्कळदा दिसत नाही.

दुसरा मार्ग सी.टी. अँजिओग्राफीचा. १९८९ च्या सुमारास मळसूत्री फिरणारे यंत्र आले, १९९८ मध्ये एका फेरीत अनेक काप घेणारे. तेव्हापासून दंडाच्या शिरेत आयोडीनयुक्त द्रव्य सोडून, काळजाजवळच्या महाधमनीपासून टाळूपर्यंतच्या साऱ्या धमन्या काही सेकंदांत टिपता येऊ लागल्या. मोनिशला ज्यासाठी मानेत सुई खुपसावी लागे ते आता हाताच्या शिरेतून साधले. गुठळी कोठे आहे, किती लांब आहे, मानेतील वाट मोकळी आहे की नाही, हे ही पद्धत उत्तम सांगते. मात्र हे चित्र एका क्षणाचे. गावात पालखी येते तेव्हा वेशीवर एकच छायाचित्र घेतले, तर मुख्य रस्त्याची गर्दी त्यात येईल. आडवाटेने येणारी माणसे अजून वाटेतच असतील. मेंदूतही आडवाटांचे रक्त उशिरा पोचते. तेव्हा जो भाग चित्रात रिकामा दिसला, तो खरोखर रिकामा आहे की तेथले रक्त अद्याप यावयाचे आहे, हे एका चित्रावरून कळत नाही.

ह्यावर कॅलगरीतच बिजॉय मेनन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोपा उपाय काढला. तो २०१५ साली प्रसिद्ध झाला. पहिले चित्र नेहमीप्रमाणे घ्यावे, मग सुमारे आठ-आठ सेकंदांच्या अंतराने कवटीतील भागाची आणखी दोन. द्रव्य तेवढेच, वेळ जेमतेम अर्ध्या मिनिटाने वाढणार, किरणांचा भारही थोडासाच अधिक. तीन चित्रे शेजारी मांडली की बिघडलेल्या बाजूच्या आडवाटा किती भरल्या आणि किती उशिरा भरल्या हे चांगल्या बाजूशी ताडून डोळ्यांनी पाहता येते. लहान फांदीतील गुठळीही उशिरा भरणाऱ्या रेषेवरून सापडते. वेगळे गणिती साधन लागत नाही. लागते ती सराव असलेली नजर.

तिसरा मार्ग परफ्यूजनचा. ह्याची कल्पना लिऑन अ‍ॅक्सेल ह्याने १९८० मध्ये मांडली होती. द्रव्य पुन्हा एकदा सोडून मेंदूच्या त्याच भागाची चित्रे सुमारे मिनिटभर एकामागून एक घेत राहावयाची. कणाकणात द्रव्य केव्हा आले, किती आले, केव्हा ओसरले, ह्यावरून संगणक रंगीत नकाशा काढतो. रक्ताचा ओघ निरोगी बाजूच्या तीस टक्क्यांखाली उतरला तो भाग मेलेला गाभा समजावयाचा. जेथे द्रव्य पोचण्यास सहा सेकंदांहून अधिक उशीर होतो तो धोक्यातला. गाभ्याबाहेरच्या ह्या धोक्यातल्या भागाला शास्त्रज्ञ ग्रहणातला शब्द वापरून ‘उपच्छाया’ म्हणतात. आमचा शेतकरी हा भेद शब्दांवाचून जाणतो. पावसाचा खंड पडला की माना टाकलेले पीक निराळे आणि करपलेले निराळे. पहिले पाणी मिळताच उभे राहते. परफ्यूजनचा नकाशा माना टाकलेल्या पिकाचे क्षेत्र आकड्यांत देतो, हा त्याचा मोठा गुण. दोष असे की रोग्याने डोके हलविले किंवा त्याचे हृदय दुबळे असले की नकाशा बिघडतो. खोलवरचा लहान झटका त्यातून निसटतो. रोगी फार लवकर आला असेल तर वाचणारा भागही मेलेला दाखविला जातो. द्रव्य, किरण आणि खर्च सारेच वाढते.

६

ह्या पद्धतींची खरी कसोटी रोग्यांवरच लागली. धमनीतून तार नेऊन गुठळी ओढून काढण्याचे तीन मोठे प्रयोग २०१३ साली निष्फळ ठरले. त्याचे एक कारण असे की, मोठी धमनी खरोखर बंद आहे की नाही हे पुष्कळ रोग्यांत आधी पाहिलेच नव्हते. नेदरलँड्समधील ‘मिस्टर क्लीन’ ह्या ५०० रोग्यांच्या प्रयोगात ती अट घातली गेली, आणि २०१५ मध्ये त्यासह पाच प्रयोगांनी एकमुखाने यशाचा कौल दिला. त्यांपैकी कॅनडाच्या प्रयोगाने आडवाटा पाहून रोगी निवडले, ऑस्ट्रेलियाच्या प्रयोगाने परफ्यूजन पाहून.

२०१८ साली उशिरा आलेल्यांची पाळी आली. ‘डॉन’ ह्या प्रयोगात सहा ते चोवीस तासांच्या दरम्यानचे २०६ रोगी होते. गाभा लहान आणि लक्षणे मोठी अशांचीच निवड केली होती. गुठळी काढलेल्यांपैकी तीन महिन्यांनी ४९ टक्के स्वतःचे व्यवहार स्वतः करू लागले, न काढलेल्यांपैकी १३ टक्के. घड्याळाचे राज्य येथे ढळले. पण त्याच्या जागी परफ्यूजनचे महागडे साधन बसले असते, तर आमच्यासारख्या भागाला त्याचा उपयोग थोडाच होता. म्हणून मला २०२३ चा नेदरलँड्समधील दुसरा प्रयोग अधिक मोलाचा वाटतो. त्यांनीही सहा ते चोवीस तासांतले रोगी घेतले, पण कसोटी एवढीच ठेवली की सी.टी. अँजिओग्राफीत आडवाटांचे थोडे तरी रक्त दिसावे. तेवढ्या निवडीवरही गुठळी काढणे हितकारक ठरले. २०२२ व २०२३ मधील आणखी काही प्रयोगांनी गाभा मोठा असलेल्यांनाही लाभ होतो असे दाखविले. म्हणजे नकाशा पाहून ज्यांना आजवर दारातून परत पाठविले त्यांतले काही वाचण्याजोगे होते. चित्राचा उपयोग आत घेण्यासाठी जेवढा करावा, तेवढा बाहेर ठेवण्यासाठी करू नये, असा ह्याचा अर्थ मी घेतो.

असो. भोकरहून नांदेड पन्नासएक किलोमीटर. नांदेडला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९८८ साली निघाले. त्यापूर्वीच्या पिढ्यांना मोठ्या दुखण्यासाठी हैदराबाद गाठावे लागे. आता सी.टी.चे यंत्र जिल्ह्याच्या गावी आहे. पुण्याच्या जेनोव्हा कंपनीच्या टेनेक्टेप्लेज ह्या औषधाला २०१६ मध्ये भारतात पक्षाघातासाठी मान्यता मिळाली. जुने औषध तासभर ठिबकत द्यावे लागे, हे एका टोचणीत देता येते, म्हणून रोग्याला पुढे न्यावयाचे असेल तर फार सोयीचे. गुठळी तारेने काढणारे हात मात्र अजून मोठ्या शहरांतच अधिक एकवटलेले आहेत. अशा स्थितीत पद्धतींची तुलना करावयाची ती जगातील सर्वांत सुंदर चित्र कोणते म्हणून नव्हे. रोगी मेजावर आहे तोवरच साधा सी.टी. घ्यावा, त्याला जोडून लगेच अँजिओग्राफी, आणि जमल्यास आणखी दोन टप्पे. एवढ्याने रक्तस्राव आहे का, धमनी कोठे बंद आहे, आडवाटा किती जिवंत आहेत, हे तिन्ही प्रश्न काही मिनिटांत सुटतात आणि पुढे कोणाला पाठवावयाचे ते कळते. परफ्यूजन जेथे आहे तेथे शंकेच्या वेळी अवश्य वापरावे. ते नाही म्हणून हातावर हात ठेवून बसण्याचे कारण नाही.

ह्या सगळ्या ज्ञानाचा आरंभ मात्र घरातच व्हावयाचा आहे. माणूस शेवटचा धड केव्हा दिसला, हे घरच्या बाईमाणसाइतके कोणत्याही यंत्राला ठाऊक नसते. तो वेळ तिने सांगितला तरच डॉक्टरचे गणित सुरू होते. आणि पहाटे लुळा उठलेल्या म्हाताऱ्याला ‘आता काय उरलंय’ म्हणून ओसरीवर निजवून ठेवण्याचे दिवस संपले आहेत. शब्द आपण बदलू नये. वारं गेलं असेच खुशाल म्हणावे. पण त्या वाऱ्याने पुरते करपविलेले नसते, माना टाकलेल्या असतात, हे ध्यानात ठेवून गाडी जुंपावी ती नांदेडच्या रस्त्याला.